मरणाचं नाही वाजवत

वडश्याहून टेम्पो निघाला तेव्हा
माझा ऑक्टोपॅड, दशरथची पायपेटी,
राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा
आणि तलवारींचं पोतं मागं गेलं.
किकरी तेवढी जैतू कनाकेनं दिली नाही.
मांडीवर आडवी घेऊन बसला,
कुरखेडा येईपर्यंत कुणाशी बोलला नाही.

दशरथ माझ्या कानात म्हणाला,
"मुखरूदादा पिसाळला बाप्पा.
लोक डान्स पाहाले येतेत,
हे कोन ऐकल?"

घोड्याच्या शेपटीचे केस, तीन तारा.
लाकडाच्या खोक्यावर मढवलेलं कातडं,
गज धनुकलीसारखा वाकलेला.
मी विचारलं, "कोणत्या पट्टीत लावता?"
तो म्हणाला, "थंडी पाहून."

गावात दिवसभर शंकरपट झालेला.
कापलेल्या बांधीत तणस अंथरली होती,
तरी धसकटं टोचतच होती.
बाया घमेल्यात निखारे घेऊन आल्या,
पोरं पडद्याखालून आत डोकावली.

तिसऱ्या अंकात, रात्री तीनच्या सुमाराला,
भाऊराव खुणे मरतो.
रेतीघाटावर, मुलाची वाट पाहात.
तिथं किकरी पाहिजे, म्हणून हा खटाटोप.
पण दुपारच्या तालमीत जैतूनं गज खाली ठेवला.
"मेला का हा?"
"नाटकात मेला."
"अन् उद्या?"
"उद्या आरमोरीले मरते."
"मंग नाही वाजवत.
मरनाचं आहे माझ्यापाशी.
जल्मात तीनदा वाजवलं,
तिसऱ्यांदा बापासाठी.
रोज रोज याच्यासाठी वाजवलं
तं खरंच कोनी गेला त्या दिवशी
त्याले काय देऊ?"

मुखरू चिडला.
पोस्टर छापलं, अ‍ॅडव्हान्स दिला, सगळं बोलला.
जैतूनं खिशातून नोटा काढल्या,
मोजल्या नाहीत, तशाच पुढं केल्या.
मुखरूनं हात मागं घेतला.
बऱ्याच वेळानं जैतूच म्हणाला,
"वाटेचं वाजवतो.
घरधनी वावरातून याचा रायते,
आमी त्याच्या अंगनात बसलेलो रायतो,
तवा वाजवाचं."

रात्री तीनला भाऊराव रेतीवर आडवा झाला.
माझ्या सहाव्या पॅडवर वीज लावलेली,
काड्या हातात तयार.
विंगेतून किकरी सुरू झाली.
आवाज मोठा नव्हता.
माइक जवळ होता तरी
कुणीतरी लांबून दाराकडं येतंय, असाच तो.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी,
घमेलं पायाशी,
मान वळवून फाटकाकडं पाहू लागली.
मग तिच्या शेजारची.
मग ढोल्या अंगाचा तो चहावाला,
हातात किटली तशीच तिरपी.
अर्धं मैदान फाटकाकडं पाहात होतं
आणि फाटकात तिकीटवाला पोरगा
घाबरून उभा राहिला.
भाऊरावनंसुद्धा, मेल्यावर, एक डोळा उघडला.
वीज मी मारली नाही.

मोबाइलवर मी ते रेकॉर्ड केलं.
सकाळी टेम्पोत ऐकलं तर नुसता जनरेटर.
एक खोकला. "माय, पानी."
आणि अगदी शेवटी, धसकटात सरसर व्हावी तसं काही,
तेही किकरीच होती
असं मी शपथेवर सांगणार नाही.

आरमोरीला थंडी जास्त पडली.
तारा उतरल्या, भाऊराव हळू मेला.
दशरथनं त्या जागी पायपेटीवरचे पाय काढले,
कुणी सांगितलं नव्हतं.

नाटक सुटल्यावर जैतू माझ्याजवळ येऊन बसला.
"तुह्या डब्यात पानी बी आहे म्हनतेत.
पाड."
मी चौथा पॅड मारला.
चांगला आहे तो, कौलांवर पडल्यासारखा,
मधे मधे बारीक गडगडाट.
त्यानं शेवटपर्यंत ऐकला, मान खाली घालून.
मग विचारलं,
"कोन्या गावचा पानी होय हा?"